प्लॅटिनम कुठून आणायचं: खाण, भंगार की लघुग्रह?

सायके नावाच्या लघुग्रहाची किंमत दहा हजार क्वाड्रिलियन डॉलर आहे, ही बातमी अधूनमधून नव्याने फिरते आणि मग दोन प्रश्न हमखास कानावर येतात. परदेशी शेअर घेण्यासाठी नुकतंच खातं उघडलेला माणूस विचारतो, अवकाशातल्या खाणकामात थोडे पैसे टाकावेत का? इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली मुलगी विचारते, यात करिअर आहे का? दोघांची उत्तरं वेगळी आहेत. पण तुलना करायची तर एकाच मालाची करावी, म्हणून इथे फक्त प्लॅटिनम आणि त्याची भावंडं, म्हणजे पॅलेडियम आणि ऱ्होडियम, घेतो.

आधी सायकेचा आकडा निकालात काढू. सुमारे २२० किलोमीटर रुंदीच्या गोळ्यात मुख्यतः लोखंडच असेल असं धरून त्याला बाजारभावाने गुणलं, की तो आकडा येतो. एवढं लोखंड बाजारात उतरलं तर भाव काय उरेल, हे त्यात धरलेलंच नाही. शिवाय नंतरच्या मोजमापांत सायकेची घनता लोखंडाच्या जेमतेम निम्मी निघाली. म्हणजे हा निखळ धातूचा गोळा नसावा, दगड आणि धातूचं मिश्रण असावं. तो आहेही मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेलं नासाचं यान ऑगस्ट २०२९ मध्ये तिथे पोचणार आहे, आणि तेही नुसतं पाहायला. खाणकामासाठी ज्यांचा खरोखर विचार होतो ते पृथ्वीजवळून जाणारे छोटे लघुग्रह.

बुशवेल्ड

खाणीतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी साधारण सत्तर टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेचं असतं, आणि तिथलंही बहुतेक बुशवेल्डच्या खडकातलं. १९२४ मध्ये हान्स मेरेन्स्कीने शोधलेला थर आजही खणला जातो. थर मीटरभर जाडीचा, काही ठिकाणी त्याहूनही पातळ. टनभर खडकातून हाती लागतात तीन ते सहा ग्रॅम. खोल खाणींत खडक इतका तापलेला असतो की वरून थंड हवा सोडावी लागते. वीज महाग, मजुरीचे तंटे जुने. २०१२ मध्ये मरिकानाच्या संपात पोलिसांच्या गोळीबारात एका दिवसात ३४ कामगार मारले गेले.

इतकं सगळं सोसूनही या खाणी दर वर्षी शंभर टनांहून जास्त प्लॅटिनम देतात. सगळ्या जगातल्या खाणींचं वर्षाचं उत्पादन दोनशे टनांच्या आत आहे. धातू इतका जड की हा सगळा माल दोन मीटर लांब, रुंद आणि उंच ठोकळ्यात जवळपास मावेल. बाजार एवढासा असल्यामुळे भावही क्षणात हलतात. ऱ्होडियम २०२१ मध्ये औंसाला जवळजवळ २९,००० डॉलरवर गेलं आणि दोन वर्षांत ५,००० च्या खाली आलं. तेव्हा आकाशातून कोणी काहीच आणलेलं नव्हतं. जो कोणी लघुग्रहावरून टनावारी प्लॅटिनम आणेल, तो पहिल्याच खेपेत स्वतःचा भाव पाडेल.

सायलेन्सर

काही वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यात मारुतीच्या इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जायची लाट आली होती. सकाळी गाडी जागेवर, स्टार्टर मारला की ट्रॅक्टरसारखा आवाज. चोराला नळीशी काही देणंघेणं नव्हतं. आत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात बारीक छिद्रांचा सिरॅमिकचा ठोकळा, आणि छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. एका गाडीत काही ग्रॅमच. पण तो ठोकळा कुटून निघालेली भुकटी टनावर मोजली, तर त्यात हे धातू हजार-दोन हजार ग्रॅम भरतात. बुशवेल्डच्या तीन ते सहा ग्रॅमशी ताडून पाहा. जगातला सगळ्यात श्रीमंत प्लॅटिनमचा साठा हायवेवरून धूर सोडत चाललाय, आणि हे गुंतवणूकदारांच्या आधी चोरांना कळलं.

भारतात १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्या पिढीच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या. जगाच्या प्लॅटिनम पुरवठ्यातला ढोबळमानाने पाचवा हिस्सा आजच जुन्या मालातून येतो. अडचण रसायनशास्त्राची नाही, गोळा करण्याची आहे. कुर्ल्याच्या भंगारवाल्यापासून रिफायनरीपर्यंत माल चार-पाच हात बदलतो, आणि प्रत्येक हातात थोडी भुकटी आणि बराचसा नफा अडकतो. पुढचा धोकाही आहे. बॅटरीवरच्या गाडीला कन्व्हर्टरच लागत नाही, म्हणजे हा साठा हळूहळू आटणार. पण गाड्यांकडून येणारी मागणीही त्याबरोबर आटेल, आणि त्याचा फटका लघुग्रहवाल्यांनाही बसेल.

लघुग्रह

पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत होती तेव्हा लोखंडाबरोबर राहणारे हे धातू बहुतेक गाभ्यात बुडाले. काही लघुग्रह म्हणजे अशाच छोट्या गोळ्यांचे फुटलेले गाभे, त्यामुळे तिथे हा माल उघड्यावर असू शकतो. इथवर सगळं खरं आहे. लोहउल्कांमध्ये या गटाचे धातू टनाला दहा-वीस ग्रॅमपासून शंभरेक ग्रॅमपर्यंत सापडतात. बुशवेल्डपेक्षा उजवं, सायलेन्सरपुढे किरकोळ. आणि हे धातू शिरेत साठलेले नसतात, लोखंड-निकेलच्या मिश्रधातूत पुरते मुरलेले असतात. शंभर ग्रॅमसाठी टनभर पोलादासारखा पदार्थ फोडायचा, विरघळवायचा, तोही जवळजवळ गुरुत्वाकर्षणाशिवाय, जिथे ड्रिल टेकवलं की यानच मागे ढकललं जातं.

प्रत्यक्षात काय होतं ते बेन्नू या पृथ्वीजवळच्या लघुग्रहावर दिसलं. २० ऑक्टोबर २०२० ला नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने नमुना घ्यायला हात टेकवला, तर पृष्ठभागाने काही विरोधच केला नाही. हात अर्धा मीटरभर आत गेला. नायट्रोजनच्या झोताने खडे उडाले, डबा इतका भरला की झाकणात दगड अडकून ते उघडंच राहिलं आणि नमुना अवकाशात सांडायला लागला. घाईने तो कुपीत बंद करावा लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये कुपी युटाच्या वाळवंटात उतरली, तर डब्याचे दोन स्क्रू काही केल्या निघेनात. त्यासाठी खास हत्यारं बनवली आणि जानेवारी २०२४ मध्ये ते सुटले. सात वर्षं, शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्च, हाती आले १२१.६ ग्रॅम खडे. विज्ञान म्हणून हे अमूल्यच. जपानच्या हायाबुसा-२ यानाने त्याआधी ५.४ ग्रॅम आणले होते, आणि पहिल्या हायाबुसाने एका मिलिग्रॅमहूनही कमी.

आता हिशेब. २०१२ मध्ये कॅल्टेकच्या केक इन्स्टिट्यूटने अभ्यास केला होता: सात मीटरचा, ५०० टनांचा लघुग्रह पकडून चंद्राच्या कक्षेत आणायला किती लागेल? उत्तर आलं २६० कोटी डॉलर. त्यांचा हेतू धातू विकण्याचा नव्हता, पण आपण त्याच दगडाला उत्तम प्रतीचा मानू. टनाला १०० ग्रॅम म्हणजे ५० किलो. ग्रॅमला सरसकट ५० डॉलर धरले तर २५ लाख डॉलर. खर्च आवकीच्या हजारपट! खर्च शंभरपट उतरला तरी एका रुपयामागे दहा रुपये घालायचे. आणि यात शुद्धीकरण आणि पृथ्वीवर उतरवणं धरलेलंच नाही.

कंपन्यांचा इतिहासही याच हिशेबाने गेला. गूगलच्या लॅरी पेजसारख्यांचा पैसा असलेली प्लॅनेटरी रिसोर्सेस २०१८ मध्ये एका ब्लॉकचेन कंपनीने घेतली. डीप स्पेस इंडस्ट्रीज २०१९ मध्ये विकली गेली. अ‍ॅस्ट्रोफोर्जचं ओडिन यान फेब्रुवारी २०२५ मध्ये निघालं आणि थोड्याच दिवसांत त्याचा संपर्क तुटला. कायद्याची आडकाठी मात्र फारशी उरलेली नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये काढलेल्या मालावर मालकी मान्य केली.

लघुग्रहावरचं पाणी ही वेगळी गोष्ट. ते पृथ्वीवर आणायचं नसतं, तिथेच हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये फोडून रॉकेटचं इंधन म्हणून विकायचं असतं, त्यामुळे हिशेब निदान मांडता तरी येतो. पण आज गिऱ्हाईक नाही, आणि रॉकेटचा किलोमागचा खर्च शटलच्या दिवसांपासून दहापटीहून जास्त उतरल्याने खालूनच पाणी नेणं स्वस्त होत चाललंय.

समुद्रतळाचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गवेषणी जहाजावरून १९८१ मध्ये तळाचे धातूचे गोटे वर काढले, आणि हिंदी महासागरात भारताला राखीव क्षेत्रही मिळालं. अंतर पाच-सहा किलोमीटर, तेही सरळ खाली. चाळीस वर्षं उलटली, व्यापारी उत्पादन अजून नाही.

तेव्हा खातं उघडलेल्या गृहस्थांना माझं सांगणं: प्लॅटिनमच्या भावावर पैज लावायची असेल तर खाणीचे किंवा पुनर्वापर करणाऱ्या कंपन्यांचे ताळेबंद वाचा. लघुग्रहाच्या नावावर घातलेले पैसे गेले असं धरूनच घाला. लॉटरीचं तिकीट घेताना कोणी ताळेबंद मागत नाही.

तिसऱ्या वर्षातल्या मुलीला मात्र मी नाही म्हणणार नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीत किंवा पुण्याच्या सीओईपीत धातुशास्त्र शिकून भुकटीतून ऱ्होडियम वेगळं काढता येऊ लागलं, तर काम आजही आहे, आणि उद्या कोणी लघुग्रहावर भट्टी लावलीच तर त्यालाही हेच येणारी माणसं लागतील. इंटर्नशिपचा पहिला अर्ज रिफायनरीला करावा. ओढा आकाशाकडेच असेल तर हायाबुसा-२ आणि ओसायरिस-रेक्सची मोजमापं सगळ्यांसाठी खुली आहेत, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यांवर करावा.