राखीव जंगल की संरक्षित जंगल? खानापूरच्या शेतकऱ्याला कुठलं जड गेलं

१८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे मुख्यतः दोन प्रकार केले. कागदावर फरक छोटा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या घाटाकडच्या गावांना मात्र तो चुलीपर्यंत जाणवणारा.

राखीव जंगलात परवानगी नसेल ते सगळं बंद. आधी जाहीरनामा निघायचा, मग हक्क सांगायला किमान तीन महिने. एवढ्यात तोंडी किंवा लेखी दावा केला नाही, तर हक्क बुडाला. खरी मेख इथेच होती. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वहिवाटीचा कागद असतो कुणाकडे? ज्याला लिहिता येत नाही त्याला जाहीरनाम्याचा अर्थ कळेपर्यंत मुदत सरलेली. कुमरीला, म्हणजे झाडोरा तोडून, वाळवून, जाळून राखेत नाचणी पेरण्याला, तर कायद्याने हक्क मानलंच नाही. ती सरकार कधीही काढून घेऊ शकेल अशी सवलत ठरली.

संरक्षित जंगलात उलट: मनाई केली नसेल ते चालतं. गुरं चारणं, सरपण, तरव्याच्या भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजण्यासाठी, पालापाचोळा आणणं सुरू राहायचं. पण सरकार ठरावीक झाडं राखून ठेवू शके, एखादा भाग काही वर्षांसाठी बंदही करू शके. बंद भागात म्हैस शिरली की रवानगी कोंडवाड्यात, सोडवायला दंड.

तरी निवड करायची तर संरक्षितच बरं. फक्त ती निवड गावाच्या हातात नव्हती.