जुना ‘कम्प्लीट सागा’ घ्यावा की नवा ‘स्कायवॉकर सागा’?

सुट्टी जवळ आली की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच: मुलांबरोबर खेळायला लेगो स्टार वॉर्स हा व्हिडिओ गेम घ्यायचाय, जुना घेऊ की नवा? जुना म्हणजे 2007 चा ‘द कम्प्लीट सागा’, नवा म्हणजे 2022 चा ‘द स्कायवॉकर सागा’. मधे 2011 आणि 2016 साली आणखी दोन येऊन गेले, पण निवडायला बसलेला माणूस शेवटी या दोघांपाशीच येऊन अडतो. माझ्याकडे दोन्ही आहेत. जुना मी कॉलेजात असताना धाकट्या भावाबरोबर खेळलो होतो. नवा लेकीसाठी म्हणून घेतला, आणि गेलं वर्षभर ती आणि मी दोन्ही आलटूनपालटून खेळतोय. ती सात वर्षांची आहे.

घरात निन्टेन्डो स्विच असेल तर प्रश्न मिटलाच, कारण जुना स्विचवर आलेलाच नाही. पुढचं सगळं कॉम्प्युटर किंवा एक्सबॉक्सवाल्यांसाठी. आमच्याकडे लॅपटॉप केबलने 32 इंची टीव्हीला जोडतो, दोन कंट्रोलर घेतो आणि सोफ्यावर बसतो. टीव्हीचं माप मुद्दाम सांगतोय, पुढे त्याचं काम आहे.

आधी नव्याबद्दल, कारण तो खरंच मेहनतीने केलेला गेम आहे. नऊच्या नऊ चित्रपट, 45 लेव्हल, 380 हून जास्त पात्रं. पहिल्या, चौथ्या किंवा सातव्या, कुठल्याही भागापासून सुरुवात करता येते, हे मला फार आवडलं. ज्याला जी पिढी जवळची तिथून त्याने शिरावं. पात्रांच्या लेगो प्लास्टिकवरचे बारीक ओरखडे दिसतात. ग्रहावरून यानात बसायचं, अंतराळात जायचं, दुसऱ्या ग्रहावर उतरायचं आणि तिथल्या गल्लीबोळांत हवं तितकं भटकायचं. लेक झोपल्यावर मी एकटा बसतो तेव्हा तास कसा जातो कळत नाही. कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे असल्यामुळे चित्रपटातल्या मोस आयस्ली गावात आपण स्वतः उभे आहोत असं वाटतं. लाइटसेबरची, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीची, मारामारीही आता नुसतं एक बटण बडवून होत नाही, वार जोडावे लागतात. माझी किरकोळ कुरकुर एवढीच की प्रत्येक चित्रपटाला पाचच लेव्हल आहेत आणि त्यांतल्या काही म्हणजे नुसतं एक द्वंद्व. सुरू होते तोवर संपते.

जुन्यात सहाच चित्रपट आहेत, पण प्रत्येकाला सहा, अशा 36 लेव्हल, आणि त्या भरगच्च आहेत. मुळात तो 2005 आणि 2006 च्या दोन गेमची एकत्र बांधलेली आवृत्ती. त्यातला 2005 चा तर तिसऱ्या भागाचा चित्रपट लागायच्या आधीच दुकानात आला होता. एकेका लेव्हलमध्ये दहा मिनिकिट, म्हणजे गोळा करायच्या वस्तू, दडवलेले असतात (नव्यात पाच), आणि ते शोधायला फ्री प्लेमध्ये, म्हणजे लेव्हल पुन्हा खेळताना, वेगवेगळी पात्रं घेऊन परत यावं लागतं. उंच उडीला जार जार, दार उघडायला आर-टू-डी-टू. हे परत येणं मुलांना कंटाळवाणं वाटेल असं मला वाटलं होतं. उलट झालं. ‘या दाराला कोण लागेल?’ हे लेक आता माझ्याआधी सांगते.

विनोदाच्या बाबतीत दोघांचा बाज अगदी वेगळा आहे. जुन्यात कुणी बोलतच नाही. सगळी हुं-हुं, हातवारे आणि चेहरे. डार्थ व्हेडर ल्यूकला ‘मी तुझा बाप’ हे सांगतो तेसुद्धा फोटो काढून दाखवून. माझी आई मेथी निवडत शेजारी बसली होती, तिने यातला एकही चित्रपट पाहिलेला नाही. तो प्रसंग आला आणि ती म्हणाली, ‘अगंबाई, हा बाप होय याचा!’ आणि हातातली जुडी तशीच धरून पुढचं बघत राहिली. सी-थ्री-पीओ या रोबोटला मार बसला की आधी हात निखळतो, मग पाय, मग तो एका पायावर उड्या मारत जातो. लेक तर मुद्दाम त्याला घेते.

नव्यात पात्रं बोलतात आणि बरेच विनोद त्या बोलण्यातच आहेत. ते चांगले आहेत, मला हसू येतं. पण लेक मराठी शाळेत दुसरीत आहे. इतक्या भरभर बोललेलं इंग्रजी तिला कळत नाही, आणि दर दोन मिनिटांनी ‘बाबा, काय म्हणाला?’ सुरू होतं. यावर तोड आहे: एक्स्ट्राज मेन्यूत मम्बल मोड लावला की नव्यातली पात्रंही जुन्यासारखी हुं-हुं करतात. आम्ही तो लावून खेळतो आणि तेवढ्यापुरता प्रश्न सुटतो. तरी पुढे काय करायचं याच्या सूचना पडद्यावर इंग्रजीत येतच राहतात, त्या मी वाचून सांगतो. इंग्रजी सहज वाचणाऱ्या मुलांच्या घरी हा मुद्दा सोडून द्यावा.

आता ज्या एका गोष्टीने माझं ठरलं ती.

नव्यात दोघे खेळायला बसलात की पडदा मधोमध उभा चिरला जातो. डावा भाग एकाचा, उजवा दुसऱ्याचा. कथेचे प्रसंग आले की पडदा पुन्हा एक होतो, पण एरवी कायम दोन. तुम्ही दोघे एकाच दारासमोर, खांद्याला खांदा लावून उभे असलात तरी मधली रेघ जात नाही. 32 इंची टीव्ही साधारण 28 इंच रुंद आणि 16 इंच उंच असतो. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 14 इंच रुंद, 16 इंच उंच अशी कपाटाच्या दारासारखी चौकट येते. टॅटुइन ग्रहाचं ते मोकळं वाळवंट, ज्यासाठी एवढी मेहनत घेतलीय, ते त्या फटीतून बघायचं. डावीउजवीकडून कोण येतंय हे दिसत नाही, म्हणून सतत मान वळवल्यासारखा कॅमेरा फिरवत राहायचं.

आणि खरी अडचण तिथेच आहे. तो कॅमेरा कंट्रोलरवरच्या उजव्या स्टिकने (अंगठ्याने हलवायच्या दांडीने) आपला आपण फिरवावा लागतो. मोठ्यांना त्याची सवय असते. सात वर्षांच्या मुलीला एका अंगठ्याने चालायचं, दुसऱ्याने बघायचं आणि वर बटणं दाबायची हे जमत नाही. पहिल्या संध्याकाळी मी माझ्या अर्ध्यात पुढे निघालो होतो. सहज तिच्या बाजूला पाहिलं तर तिच्या अर्ध्यात नुसतं आकाश. कॅमेरा वर गेला होता आणि खाली कसा आणायचा ते तिला कळत नव्हतं. ती काही न बोलता दोन-तीन मिनिटं ते निळं आकाश बघत बसली होती. मी तिचा कंट्रोलर घेऊन नीट करून दिला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, या वेळी जमीन. मग ‘बाबा, तू कुठे आहेस?’ आणि मी म्हणायचो, ‘अगं तुझ्या शेजारीच आहे.’ तिच्या चौकटीत मी दिसतच नव्हतो. ते वाक्य मला फार लागलं. एका सोफ्यावर बसून आम्ही दोन वेगळे गेम खेळत होतो.

हे टाळता येत नव्हतं असंही नाही. लेगोच्याच 2009 च्या ‘इंडियाना जोन्स 2’ मध्ये पडदा गरजेप्रमाणे दुभंगायचा: दोघे लांब गेले की मधे रेघ यायची, जवळ आले की नाहीशी व्हायची. ते पाहिलेल्या माणसाला नव्यातली न हलणारी रेघ जास्तच खुपते.

जुन्यात एकच पडदा, एकच चौकट, आणि कॅमेरा गेमच सांभाळतो. उजव्या स्टिकला हात लावायची गरज नाही. चालायला एक अंगठा आणि मोजकी बटणं, एवढ्यावर लेक पहिल्याच दिवशी माझ्याबरोबरीने खेळायला लागली. पहिल्या भागाच्या ‘निगोशिएशन्स’ लेव्हलमध्ये ती चांदीच्या रंगाच्या टीसी-14 रोबोटला घेऊन दार उघडायला गेली आणि मागे मी शत्रूचे ड्रॉइड, म्हणजे रोबोट, थोपवून धरले, तेव्हा तिने टीव्हीवरची नजर न काढता मला कोपर मारलं: ‘बघ, उघडलं!’ तिला दिसलेलं मलाही त्याच क्षणी दिसलं होतं, कारण दोघे एकाच चित्रात होतो.

या एकाच चौकटीचा त्रासही आहे, तो लपवणार नाही. एकाला पुढे जायचंय आणि दुसरा मागे स्टड, म्हणजे गेममधली नाणी, वेचत बसलाय, की पडदा हलत नाही. दोघे कडेला ओढले जातात. अरुंद पुलावर अशा ओढाताणीत एकजण खाली पडतोच, आणि जमवलेले स्टड उधळतात. भावाबरोबर याच कारणावरून कितीदा भांडण झालंय. शिवाय एकमेकांना लाइटसेबर लागतो, म्हणजे गर्दीच्या मारामारीत आपल्याच माणसाचे तुकडे. ज्यांच्या घरी दोन भावंडं आधीच हमरीतुमरीवर येतात, त्यांनी याचा विचार करावा. त्या घरात नव्यातली रेघ कदाचित बरीच पडेल. आमच्यात मात्र त्या ओढाताणीमुळे बोलणं होतं. ‘थांब, मी पडतेय’, ‘मागे ये’, ‘आता दोघांनी एकदम उडी’. नव्यात असं बोलावं लागतच नाही.

जुना दिसायला जुनाच आहे, यात शंका नाही. पार्श्वभूमी साधी, सावल्या कमी, यानाच्या काही लेव्हल आजच्या मानाने अवजड. मोस एस्पाची पॉड रेस, म्हणजे यानांची शर्यत, 2005 च्या गेममध्ये फार जिकिरीची होती. ‘कम्प्लीट सागा’त ती बरीच सोपी केली आणि मूळची बोनस म्हणून ठेवली, तरी सोप्यातही लेकीचं यान दर वळणावर फुटतं. शिवाय सातव्या, आठव्या, नवव्या भागातलं यात काहीच नाही. तुमच्या मुलांना रे आणि बीबी-8 हवे असतील तर मी कितीही सांगितलं तरी उपयोग नाही, नवाच घ्यावा लागेल. आणि दुसऱ्या गावातल्या भावाबरोबर ऑनलाइन खेळायचं मनात असेल, तर नव्यात ती सोयच नाही. जुन्यात प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 वर होती, कॉम्प्युटरवर नाही. त्या बाबतीत माझी दोन्हीकडे निराशाच झाली.

तेव्हा एकटेच खेळणार असाल, किंवा मुलं दहा-बाराच्या पुढची असतील आणि टीव्ही मोठा असेल, तर नवा घ्या. 55 इंची टीव्हीवर मित्राकडे खेळून पाहिलं, तिथे रेघ बरीच सुसह्य वाटली. लहान मूल शेजारी बसणार असेल तर माझ्या मते जुना आधी घ्यावा, नवा पुढच्या वर्षी. तेवढ्या वर्षभरात मुलाचा उजवा अंगठाही तयार होतो. आमच्याकडे झाला, लेक आता नव्यात कॅमेरा बऱ्यापैकी सांभाळते. तरी शनिवारी संध्याकाळी कंट्रोलर हातात घेऊन ती जुनाच मागते. गेममध्ये बक्षीस म्हणून मिळणाऱ्या 160 सोनेरी ठोकळ्यांपैकी 131 झालेत, आणि उरलेल्यांत पॉड रेसचा एक आहे, तो तिला स्वतःला मिळवायचाय. त्याला मी हात लावायचा नाही, असं तिने बजावून ठेवलंय.