डॅझ की ब्लेंडर? प्रश्न टेकलेल्या तळव्याचा

ज्याला माणसाची आकृती एकदा नीट बसवून तिचं एक देखणं चित्र काढायचं आहे, मग ते मुखपृष्ठ असो, कॉमिकची चौकट असो की पोस्टर, त्याने डॅझ स्टुडिओ हा तयार त्रिमिती आकृत्यांचा प्रोग्रॅम उतरवून घ्यावा आणि कामाला लागावं. त्यात वाद घालण्यासारखं फारसं काही नाही. प्रश्न येतो तो आकृती हलवायची ठरली की: डॅझमध्येच हलवावी, की ब्लेंडर हा सर्वसाधारण त्रिमिती प्रोग्रॅम शिकावा? स्वस्तातलं काय घेऊ, असं विचारणारे बरेच जण आज चित्रापुरतं बोलतात आणि वर्षभरात त्यांना तीच आकृती चालवायची असते. हे त्यांच्यासाठी.

मी व्यायाम शिकवण्यासाठीचे छोटे व्हिडिओ करतो, त्यातही जास्त करून सूर्यनमस्काराचे. त्यामुळे माझा कल जमिनीला टेकलेल्या हातापायांवरून ठरलेला आहे. तुमची आकृती हवेत उडणारी परी असेल तर खालचं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही.

पोझर या तिसऱ्या, जुन्या प्रोग्रॅमचं आधी उरकून घेतो. या सगळ्या प्रकाराची सुरुवात १९९५ साली त्यानेच केली, आणि डॅझच्या जुन्या व्हिक्टोरिया-मायकेल आकृत्याही मुळात पोझरसाठीच बनत होत्या. त्यानंतर मालक बदलत बदलत २०१९ पासून तो रेंडरॉसिटी हे संकेतस्थळ चालवणाऱ्या बॉन्डवेअर कंपनीकडे आहे. पायांना पहिल्यापासून आयके (टोक धरून ठेवलं की वरचे सांधे आपोआप जुळवून घेणारी पद्धत), चाल बनवायला वॉक डिझायनर, शिवाय रेंडरसाठी, म्हणजे अंतिम चित्र काढायला, ब्लेंडरच्याच सायकल्स इंजिनवरून घेतलेलं सुपरफ्लाय. वाईट अजिबात नाही. पण तो विकत घ्यावा लागतो आणि डॅझच्या जेनेसिस आकृत्यांच्या नव्या पिढ्या त्यात सरळ चालत नाहीत. ज्यांच्याकडे जुन्या आकृत्यांचा आणि कपड्यांचा साठा आहे त्यांनी जरूर विचार करावा. कोऱ्या पाटीने सुरू करणाऱ्याला मी त्याकडे पाठवणार नाही.

डॅझचं शरीर मात्र खरोखर सुरेख आहे. मांडी पोटाशी आली, हात डोक्यावर गेला, कोपर पूर्ण दुमडला की सांध्याभोवतीचं मांस कसं सरकावं याच्या दुरुस्त्या आकृतीत आधीच भरलेल्या असतात. २०११ च्या पहिल्या जेनेसिसपासून २०२२ च्या जेनेसिस ९ पर्यंत हे काम बारीक होत गेलं आहे. पादहस्तासनात आकृती वाकवली की कंबरेत कागदासारखी घडी पडत नाही, वळी पडते. प्रोग्रॅम फुकट आणि कपडेलत्ते विकत असा त्यांचा धंदा आहे, पण सोबत मिळणाऱ्या सामानातही शिकण्यापुरतं भागतं. (काष्ट्याची नऊवारी हवी असेल तर बहुधा तुम्हालाच शिवावी लागेल.)

आता तो तळवा. बारा स्थितींच्या नमस्कारात तिसऱ्या स्थितीला टेकलेले हात दहाव्या स्थितीपर्यंत उचलायचे नसतात. मधे एक पाय मागे जातो, मग दुसरा, छाती-कपाळ जमिनीला लागतं, छाती वर येते, कंबर वर जाते, पण पंजे ठेवले तिथेच. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्या व्यायामाचा इतक्या हिरिरीने प्रसार केला, तो शिकवणारी मंडळी अजूनही या बाबतीत फार कडक आहेत. पडद्यावर पंजा बोटभर सरकला तरी त्यांची नजर नेमकी तिथेच जाते.

डॅझमध्ये हालचाल मुळात कोनांच्या रूपात साठते. पाठीचा कोन, खांद्याचा, कोपराचा, मनगटाचा. पिन लावून पंजा धरून ठेवता येतो आणि तुम्ही कंबर ओढत असताना तो इमानेइतबारे थांबतोही, पण त्या फ्रेमपुरता. पुढच्या स्थितीची की (त्या फ्रेमला स्थिती नोंदवणारी खूण) लावली की दोन्ही टोकांना पंजा अचूक असतो, मात्र मधल्या फ्रेममध्ये प्रत्येक सांधा आपापला कोन स्वतंत्रपणे बदलत जातो आणि त्या सगळ्यांचा हिशेब पंजापाशी येऊन जुळत नाही. मग पंजा फरशीत बुडतो, थोडा पुढे घसरतो आणि दुसरी की यायच्या आत गुपचूप जागेवर परततो. उपाय म्हणून मधे आणखी की भराव्यात, तर घसरणं कमी होतं आणि थरथर सुरू होते. अष्टांग नमस्कारात तर दोन पंजे, दोन चवडे, दोन गुडघे, छाती आणि कपाळ अशा आठ जागा एकदम सांभाळायच्या. तिथे माझा धीर सुटतो.

याला त्या प्रोग्रॅमचा दोष म्हणणं अन्यायाचं होईल. कोन साठवणारी कुठलीही पद्धत हेच करणार. ब्लेंडरमध्ये एफकेवर (एकेक सांधा कोनाने फिरवण्याच्या पद्धतीवर) काम केलंत तर तिथेही पंजा असाच भटकेल. शिवाय डॅझच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये आयकेची सोय आलेली आहे, आणि कुणाचा तिच्यावर हात बसला असेल तर मी हुज्जत घालणार नाही. माझा बसला नाही, एवढंच.

ब्लेंडरमधला रिगिफाय, म्हणजे आकृतीत हलवण्याचा सांगाडा बसवणारा ॲड-ऑन (जोड-प्रोग्रॅम), सोबतच येतो, फक्त प्रेफरन्सेसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. त्यात हाताच्या आणि पायाच्या आयके कंट्रोलची जागा हीच मुळात की म्हणून साठते. पंजा टेकवला, की लावली, आणि मग धडाचा कंट्रोल हवा तसा खालीवर केला तरी कोपर-खांदे आपोआप जुळवून घेतात. मधल्या फ्रेममध्येसुद्धा. पर्वतासनातून खाली जाताना पंजा ढिम्म हलत नाही. कंट्रोलवर आधीची आणि नंतरची किंमत एकच असेल तर हलणार तरी कसा? पायाला वेगळा टाचेचा कंट्रोल आहे, त्यामुळे चवड्यावर उभं राहणं आणि टाच टेकणं हे एकाच ठिकाणाहून जमतं.

पण आयके सगळीकडे लावू नका. पहिल्या स्थितीतून दुसरीत जाताना जोडलेले हात आयकेवर सरळ रेषेत वर चढतात, हवी असलेली कमान येत नाही. तेवढ्यापुरते हात एफकेवर ठेवावेत आणि जमिनीला लागण्याच्या फ्रेमवर आयकेवर आणावेत. रिगिफायच्या पॅनेलमध्ये त्यासाठी स्नॅपचं बटण आहे, ते दाबलं की बदलताना हात उडी मारत नाही. बदलाच्या दोन की लागोपाठच्या फ्रेमवर ठेवा, नाहीतर एफके-आयके बदलणारा स्लायडर हळूहळू सरकतो आणि हात मधेच कुठेतरी तरंगत राहतो. धड फार लांब नेलं की हात ताठ होऊन पंजा उखडतो. कोपरात किंचित वाक ठेवला की ते टळतं, जरी शिक्षक 'हात सरळ' म्हणत असले तरी.

ब्लेंडरची खरी कमजोरी शरीरात आहे. आकृतीसाठी मेकह्यूमनचा एमपीएफबी हा ॲड-ऑन घेतला तर माणूस चटकन तयार होतो, त्यातूनच रिगिफायचा सांगाडाही बसतो, पण खांदा वर गेला की काख आवळल्यासारखी दिसते आणि कंबरेची वळी स्वतः शेप की (शरीराचा बदललेला आकार साठवून ठेवण्याची सोय) करून आणावी लागते. डॅझच्या शेजारी ठेवलं तर आकृती साधीच वाटते. व्यायामाच्या व्हिडिओत मला ते चालतं. बघणारा काखेकडे बघत नाही. तुमचं काम चेहऱ्यावरचे भाव जवळून दाखवण्याचं असेल तर बहुधा चालणार नाही.

मधला मार्गही आहे: डॅझची आकृती त्यांच्याच फुकट ब्रिजने किंवा डिफिओमॉर्फिक नावाच्या ॲड-ऑनने ब्लेंडरमध्ये आणायची आणि हलवायची तिथे. दोन्हीकडचं चांगलं मिळतं हे खरं. पण मग दोन प्रोग्रॅम शिकायचे, सांध्याच्या दुरुस्त्या नीट आल्या का ते तपासायचं, आणि एकीकडची आवृत्ती बदलली की दुसरीकडे पुन्हा बघायचं. मी हे शेवटी शिकावं म्हणेन, सुरुवातीला नाही.

रेंडरचा मुद्दा थोडक्यात. डॅझचं आयरे हे रेंडर इंजिन वेगाने चालायला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते नसलं, किंवा दृश्य कार्डाच्या मेमरीत मावलं नाही, की सगळा भार प्रोसेसरवर येतो. एका चित्राला ते चालून जातं. पण ३० सेकंदांचा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला २४ च्या हिशेबाने ७२० फ्रेम, आणि फ्रेमला पाच मिनिटं धरली तरी ६० तास. डॅझमध्ये फिलामेंटचा झटपट पर्याय आहे, पण आयरेची त्वचा त्यात उतरत नाही. ब्लेंडरचं सायकल्स एएमडी, इंटेल आणि ॲपलच्या कार्डांवरही चालतं, आणि माझ्यासारख्याला त्यातलंच ईव्ही हे झटपट इंजिन पुरतं. साध्या लॅपटॉपवरही माणूस झोपायच्या आधी काम संपतं.

शिकायला ब्लेंडर जड आहे हे लपवत नाही. डॅझमध्ये पहिल्याच दिवशी काहीतरी दाखवण्यासारखं हाती येतं. ब्लेंडरमध्ये सुरुवातीचे दिवस बटणं शोधण्यात जातात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ब्लेंडरचे धडे आहेत, पण ते २०१९ च्या २.८ आवृत्तीआधीचे. त्या आवृत्तीत पडद्याची सगळी मांडणीच बदलली, तेव्हा कल्पना समजून घ्यायला ते बघा, बटणं नव्या धड्यांतून शिका.

आकृती पुढे गेममध्ये जाणार असेल तर परवाना आधी वाचा. डॅझच्या सामानाची चित्रं आणि व्हिडिओ विकायला हरकत नसते, पण त्रिमिती आकृतीच गेममधून लोकांच्या हाती देण्यासाठी वेगळा इंटरॅक्टिव्ह परवाना घ्यावा लागतो, तोही वस्तूगणिक. मेकह्यूमनच्या मूळ सामानातून बनवलेली आकृती सीसी-झिरो या खुल्या परवान्याखाली येते, तिचं काहीही करा.

दोन्ही फुकट आहेत, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवण्याचीही गरज नाही. दोन्हीकडे एक आकृती घ्या, पंजे आणि चवडे टेकवून पर्वतासनात उभी करा, तिथे की लावा, मग २५ फ्रेमनंतर तिला दंडाच्या स्थितीत खाली आणून दुसरी की लावा. कॅमेरा जमिनीलगत ठेवा. पहिली आणि शेवटची फ्रेम बघू नका, मधली बारावी-तेरावी बघा, आणि मग ठरवा.