आतली केबिन की बाल्कनीची?

धरमपेठेतले मावशी-काका मुंबईहून क्रूझला निघालेत आणि आतली केबिन घ्यावी की बाल्कनीची, यावर अडलेत. मी दोन्हींत राहिलोय.

पैशांत आतली बरीच स्वस्त. झोपही तिथेच गाढ लागते: दिवा मालवला की मिट्ट काळोख, सकाळचे नऊ वाजले तरी पत्ता लागत नाही. बंद खोलीत जीव घुसमटत असेल तर मात्र नकोच. बाल्कनीचं दार पहाटे सरकवलं की खारा वारा थेट अंथरुणापर्यंत येतो. समुद्र इतका लांब असलेल्या आपल्या नागपूरकरांना त्याचं मोल फार.

न्हाणीघर दोन्हींत चिंचोळंच. भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या असतात, चुंबकाचे हुक न्या. ओले टॉवेल टांगता येतात.

बोट लागण्याचं म्हणाल, तर केबिनच्या प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची. मधोमध, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी. बाल्कन्या बहुतेक वर असतात. डोक्यावर नाचायचा हॉल असला तर झोपेचं खोबरं, म्हणून बुकिंगआधी जहाजाचा नकाशा बघाच.

दोन रात्रींची फेरी आणि दिवसभर डेकवर भटकणार असाल तर आतली. मावशीच्या गुडघ्यांमुळे बराच वेळ खोलीतच जाणार, त्यांनी बाल्कनीचीच घ्यावी, शक्यतो मधली.