जुन्या आर्मला कुठलं कार्ट्रिज? तीन पर्यायांचा हिशोब

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ज्यांच्या घरी जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, त्यांच्यापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच. पिन झिजलेली, त्या जुन्या कार्ट्रिजची (म्हणजे आर्मच्या, तबकडीवर फिरणाऱ्या दांडीच्या, टोकाला बसणाऱ्या पिनेच्या डबीची) पिन आता मिळत नाही, मग नवं काय घ्यायचं? मुंबई-बंगळूरला एखाद्याला दोन-चार कार्ट्रिज ऐकून ठरवणं जमेलही. आपल्याकडे बहुतेकांना कुरिअरनेच मागवावं लागतं, आणि एकदा स्क्रू आवळले की विक्रेता माल परत घ्यायला का-कू करतो. म्हणून आधी कागदावर हिशोब मांडलेला बरा.

इथे तीन कार्ट्रिज घेतली आहेत: ऑर्टोफोन २एम रेड, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई आणि डेनॉन डीएल-१०३. आणखी पुष्कळ आहेत, पण या तिघांचे स्वभाव पुरेसे वेगळे आहेत.

त्याआधी एक चाळणी. घरात पेटीवजा पोर्टेबल प्लेअर असेल, स्पीकर त्यातच असलेला, तर पुढचं वाचण्यात तुमचा फारसा फायदा नाही. त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. ते दणकून सिग्नल देतं, त्याला फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) लागत नाही, आणि पिनेवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकूनच ते चालतं. तसल्या आर्मवर दोन ग्रॅमवर चालणारं मॅग्नेटिक कार्ट्रिज चढवलं तर आवाज अगदी बारीक येईल आणि बेअरिंगच्या घर्षणामुळे पिन खाचेत टिकणार नाही. मिळेल ते सिरॅमिक बसवा आणि मजेत ऐका.

बाकीच्यांसाठी मुख्य गोष्ट ही, की कार्ट्रिज निवडायचं ते आर्मकडे बघून. "सगळ्यात चांगलं कुठलं" हा प्रश्न इथे लागूच पडत नाही. पिनेची बारीक दांडी कार्ट्रिजच्या आत रबरावर तोललेली असते. ते रबर झालं स्प्रिंग, आणि आर्म, कार्ट्रिज, स्क्रू हे सगळं मिळून त्या स्प्रिंगवरचं ओझं. संकेश्वर रस्त्यावर उसाचा ट्रक बघा: रिकामा असला की खड्ड्याखड्ड्यावर टणाटण उडतो, भरला की संथ डुलत जातो. आर्मचंही तसंच. ओझं जास्त आणि रबर मऊ असेल तर डुलण्याचा वेग कमी, ओझं कमी आणि रबर कडक असेल तर जास्त.

हा वेग ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान पडायला हवा. कारण वाकलेल्या तबकडीचे हेलकावे साधारण ६-७ हर्ट्झच्या खाली असतात आणि संगीत २० हर्ट्झच्या वर सुरू होतं. मधल्या रिकाम्या जागेत आर्मचा स्वतःचा झोका बसला तर कुणाला त्रास नाही. तो खाली घसरला की वाकड्या रेकॉर्डवर आर्म उड्या मारतो, वूफरचा पडदा आवाज नसतानाही आत-बाहेर होतो. फार वर गेला की खर्जात फुगवटा येतो. माळ्यावर, पावसाळी दमटपणात, एकावर एक रचून ठेवलेल्या तबकड्या आपल्याकडे सपाट कमीच सापडतात, म्हणून मला खालची बाजू जास्त धोक्याची वाटते.

सूत्र सोपं आहे. आर्मचा इफेक्टिव्ह मास (आर्म हलताना पिनेला जाणवणारं त्याचं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन (ग्रॅमभर धरा) यांची बेरीज करा. तिला कार्ट्रिजच्या कॉम्प्लायन्सने (आतलं रबर किती मऊ आहे त्याचा छापील आकडा) गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

एक मेख मात्र आहे. युरोपीय कंपन्या कॉम्प्लायन्स १० हर्ट्झला मोजून सांगतात, जपानी कंपन्या बहुतेक वेळा १०० हर्ट्झला. त्यामुळे जपानी आकडा आहे त्यापेक्षा लहान दिसतो. तो ढोबळपणे दीड ते दोनने गुणून घ्यायचा. मी १.७ धरतो. म्हणजे व्हीएम९५ईच्या ७ चे १२ होतात आणि डीएल-१०३च्या ५ चे साडेआठ. रेडचा २० तसाच राहतो. हे न करता कुणी "डेनॉन कुठल्याच आर्मला चालत नाही" असं म्हणत असेल तर समजा की त्याने नुसता छापील ५ घेतला आहे.

आता तीन आर्म. हलका म्हणून एसएमई ३००९ सिरीज २ इम्प्रूव्ह्ड, न निघणाऱ्या हेडशेलचा (कार्ट्रिज जिथे बसतं तो आर्मचा पुढचा भाग), ६.५ ग्रॅम. मध्यम म्हणून टेक्निक्स एसएल-१२०० एमके२, हेडशेलसकट १२ ग्रॅम. जड म्हणून थोरेन्स टीडी १६०वरचा सुरुवातीचा टीपी १६, साडेसोळा ग्रॅम.

| | २एम रेड | व्हीएम९५ई | डीएल-१०३ |
|---|---|---|---|
| एसएमई | ९.३ | १२.४ | १३.६ |
| टेक्निक्स | ७.९ | १०.५ | ११.८ |
| थोरेन्स | ७.२ | ९.४ | १०.७ |

आकडे हर्ट्झमध्ये आहेत, आणि एखादा हर्ट्झ इकडेतिकडे होणार हे गृहीत धरा. दशांशाचा कीस काढण्यात अर्थ नाही. पण तिरका कल स्पष्ट दिसतो: मऊ रेड हलक्या आर्मला, कडक डेनॉन जडला, आणि व्हीएम९५ई मध्यम-जड दोन्हीला.

एसएमईवाल्यांचा निर्णय झटकन होतो. तो आर्म दीड ग्रॅमच्या आसपास चालणाऱ्या मऊ कार्ट्रिजांच्या जमान्यातला आहे. त्याला रेड लावा. डेनॉनच्या नादाला लागू नका, मग कितीही जणांनी कौतुक केलेलं असो.

टेक्निक्सवर रेड अगदी काठावर बसतं. चालतं, पुष्कळांकडे चालू आहे, आणि रेकॉर्ड सपाट असतील तर तक्रार येणार नाही. वजन ७.२ ग्रॅम, भार १.८ ग्रॅम, आउटपुट साडेपाच मिलिव्होल्ट, त्यामुळे जुन्या ॲम्प्लिफायरच्या फोनो इनपुटलाही ते पुरून उरतं. आवाज उजळ, पुढे येणारा. ऑर्केस्ट्रा, सिनेसंगीत खुलतं. पण घासलेल्या जुन्या एलपीवर "स", "श" जरा टोचतात आणि खरखरही तितक्याच उत्साहाने ऐकू येते. पुढे मन झालं तर त्याच बॉडीवर ऑर्टोफोनच्याच वरच्या २एम ब्लूची पिन सरकवून बसवता येते, हा मोठा गुण.

व्हीएम९५ई मला टेक्निक्ससाठी जास्त रास्त वाटतं. वजन ६.१ ग्रॅम, भार २ ग्रॅम, आउटपुट ४ मिलिव्होल्ट. दोन ग्रॅमचा भार वाकड्या तबकडीवर रेडपेक्षा घट्ट धरतो. वरच्या पट्टीत थोडी चमक आहे. त्याला केबल आणि ॲम्प मिळून १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याची क्षमता) हवा, आणि जुन्या प्लेअरची लांबच लांब केबल व जुन्या ॲम्पचं इनपुट मिळून तो सहज ओलांडतात. मग ती चमक कर्कश होते. केबल आखूड केली की फरक कानाला कळतो. रेड इथे सैल आहे, त्याला ३०० पर्यंत चालतं.

पण व्हीएम९५चा खरा फायदा वेगळाच आहे, आणि आपल्या भागात तो जास्त कामाचा. एकाच बॉडीवर त्याच्या अनेक पिना बसतात, साध्या शंकूपासून बारीक धारेच्या मायक्रोलाइनपर्यंत, आणि त्यात ७८ आरपीएमसाठीची एसपी पिनही आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या बालपणीच्या तबकड्या, बालगंधर्वांची नाट्यपदं, हे सगळं ७८ वर. त्या लाखेच्या तबकड्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची पिन त्यात टाकली की ती तळाशी घासत जाते, तळाचा कचरा वाजवते आणि स्वतः लवकर मरते. एसपी पिन ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आहे आणि ५ ग्रॅम भारावर चालते, तेव्हा पिन बदलली की काउंटरवेट (आर्मच्या मागचं तोल साधणारं वजन) पुन्हा लावायचं हे विसरू नका.

प्लेअर ७८ वर फिरतो का तेही बघा. एसएल-१२०० एमके२ फक्त ३३ आणि ४५ वर फिरतो, टीडी १६०ही तसाच. गॅरार्ड ३०१ आणि ४०१ ला ७८ आहे. म्हणजे ज्याच्याकडे आजोबांच्या ७८च्या तबकड्यांची थप्पी आहे त्याने कार्ट्रिजच्या आधी प्लेअरचा विचार करावा.

डीएल-१०३ची गोष्टच निराळी. जपानच्या एनएचके नभोवाणीच्या कामासाठी निघालेलं हे कार्ट्रिज, साल १९६२, आणि अजून बनतं. साडेआठ ग्रॅम वजन, अडीच ग्रॅम भार, टोक साधं गोल. गायकाचा गळा, हार्मोनियम, सारंगी यांना ते जो भरीव देह देतं तो बाकी दोघांना जमत नाही. रात्री निवांत ख्याल लावायचा असेल तर मी तरी हेच निवडेन. गोल टोकामुळे एलपीच्या आतल्या, शेवटच्या गाण्यांत तार सप्तक थोडं विस्कटतं, हे मान्य करून.

अडचण पैशाची आहे. आउटपुट फक्त ०.३ मिलिव्होल्ट. साध्या फोनो इनपुटला ते पुरत नाही. एक तर एमसी (मूव्हिंग कॉइल, म्हणजे अशा क्षीण सिग्नलच्या कार्ट्रिजांसाठीचा) इनपुटवाला प्रीॲम्प घ्या, नाहीतर सिग्नल वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. कार्ट्रिजच्या किमतीत हा खर्च धरला नाही तर नंतर चडफड होते. शिवाय पिन झिजली की ती सरकवून बदलता येत नाही, आख्खं कार्ट्रिजच बदलावं लागतं. थोरेन्सचा जड आर्म घरात असेल आणि ऐकणं मुख्यतः गायकीचं असेल तरच हा खर्च वसूल होतो. टेक्निक्सवर बसवायचं असेल तर साडेसात ग्रॅमच्या मूळ हेडशेलऐवजी १२-१३ ग्रॅमचं जड हेडशेल लावा, आकडा ११ च्या खाली येतो. पण आता पुढचं टोक एकंदर २० ग्रॅमच्या पलीकडे जातं, त्याला जोडीचं जादा काउंटरवेट लागेल, ते आधी मागवून ठेवा.

बसवण्याबद्दल थोडंसंच. चार तारा: पांढरी डावी प्लस, निळी डावी मायनस, तांबडी उजवी प्लस, हिरवी उजवी मायनस. टोकाच्या क्लिप चिमट्याने धरून सरकवायच्या, तार ओढायची नाही. चाळीस-पन्नास वर्षांची तार क्लिपच्या मानेशीच तुटते. क्लिप सैल असेल तर आत टूथपिक ठेवून हलकेच दाबायची, कार्ट्रिजच्या मागच्या टोकावर चढवलेली असताना नव्हे. पिनेचं झाकण शेवटपर्यंत काढू नका. व्हीएम९५ आणि २एम यांच्या बॉडीतच आटे आहेत, स्क्रू वरून थेट बसतो. डेनॉनला खालून नट लावावे लागतात, आणि तो बारीक नट निसटून फरशीवर गेला की अर्धा तास गुडघ्यावर. टेक्निक्सवर पिनेच्या टोकापासून हेडशेलच्या मागच्या वायसरपर्यंत ५२ मिलिमीटर आले की झालं. आवळल्यावर भाराच्या छोट्या काट्यावर ठेवून बघा, काउंटरवेटवरच्या खुणांवर विसंबू नका.

आमच्याकडे पावसाळ्यात हेडशेलच्या चार टाचण्यांवर आणि आर्मच्या तोंडाशी काळपट थर येतो. एक बाजू मधूनच गप्प होते, आणि दोष नव्या कार्ट्रिजवर जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा आणि मग ऐका.

शुअर कंपनीचं जुनं, सीलबंद कार्ट्रिज कुणी दाखवलं तर? शुअरने २०१८ साली कार्ट्रिज बनवणं बंद केलं. डबा कोरा असला तरी आतलं रबर तीस-चाळीस वर्षांत कडक झालेलं असू शकतं. मग छापील कॉम्प्लायन्स २५ असो की ३०, वरचा सगळा हिशोब कोलमडतो. बॉडी स्वस्तात मिळत असेल आणि त्यावर नवी बनवलेली पिन मिळते याची खात्री असेल तर घ्या, आणि हिशोब त्या नव्या पिनेच्या आकड्यांवर करा. जुन्या पिनेचे जादा पैसे देऊ नका.