भावनिक बुद्धिमत्तेचा ऑनलाइन अभ्यासक्रम: सराव भक्कम, चाचणी कच्ची

भावनिक बुद्धिमत्ता वाढवून देण्याची हमी देणारे अभ्यासक्रम सध्या पैशाला पासरी मिळतात. नोकरदारांसाठी आखलेला असाच एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. दर आठवड्याला एक थेट सत्र, लहान गटातला सराव आणि रोज लिहायची नोंदवही असे त्याचे स्वरूप आहे. तेथे जे शिकवतात ते मनापासून घेण्याजोगे आहे, पण जे मोजतात त्यावर विसंबता येत नाही, असे माझे मत झाले आहे.

पहिल्याच सत्रात संकल्पनेची मांडणी नेटकी झाली, हे आवर्जून सांगायला हवे. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ही संकल्पना शोधनिबंधातून मांडली आणि 1997 मध्ये तिला चार क्षमतांची चौकट दिली: स्वतःच्या व इतरांच्या भावना अचूक ओळखणे, विचाराला साहाय्य होईल अशा रीतीने त्यांचा उपयोग करणे, त्या कशातून उपजतात आणि कशा पालटत जातात हे समजून घेणे, आणि त्यांचे नियमन करणे. सदैव हसतमुख राहणे किंवा कुणाचेही मन न मोडणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता नव्हे, हे प्रशिक्षिकेने सुरुवातीलाच बजावले. सहकाऱ्याच्या कामातील उणीव त्याला स्पष्टपणे सांगताना तो कोणत्या क्षणी बचावात्मक झाला हे ज्याला कळते आणि त्यानुसार ज्याला आपला सूर बदलता येतो, त्याच्याकडे ही क्षमता असते.

अभ्यासक्रमाचा खरा कस लागतो तो ऐकण्याच्या सरावात. दोघांच्या जोडीत एकाने कामाच्या ठिकाणचा सलणारा प्रसंग सांगायचा आणि दुसऱ्याने सल्ला न देता, स्वतःचा अनुभव मध्ये न आणता केवळ ऐकायचे, एवढाच नियम. आमच्या गटातील एका सहभागी बाईंनी, त्यांनी तयार केलेला अहवाल बैठकीत वरिष्ठांनी स्वतःच्या नावावर कसा मांडला, ते सांगायला सुरुवात केली. त्यांचे दुसरे वाक्य पुरे होण्याआधीच समोरचे गृहस्थ म्हणाले, “तुम्ही तेव्हाच बोलायला हवे होते.” प्रशिक्षिकेने तेथेच थांबवून बाईंना विचारले, “हे ऐकल्यावर काय वाटले?” त्या म्हणाल्या, “चूक माझीच होती असे वाटले.” मदत करण्याच्या हेतूने उच्चारलेले वाक्य दोषारोप होऊन पोहोचले होते. त्या गृहस्थांनी पुन्हा प्रयत्न केला आणि या वेळी, “तुमची मेहनत कुणाला दिसलीच नाही, हे लागले का?” एवढेच विचारले. तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर आली: बाईंना रागापेक्षा धास्ती अधिक होती, कारण बढतीचा निर्णय त्याच वरिष्ठांच्या हाती होता. राग आहे असे धरून दिलेला सल्ला धास्तावलेल्या माणसाच्या काय कामाचा? भावना अचूक ओळखण्यावर एवढा भर का, हे त्या काही मिनिटांत जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही व्याख्यानाने झाले नसते.

भावनांच्या नियमनाचा भागही सकस आहे. राग गिळणे म्हणजे संयम, अशी आपल्याकडे सर्रास समजूत असते. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या संशोधनाचा आधार घेऊन अभ्यासक्रम ती समजूत खोडून काढतो: भावना चेहऱ्यावर उमटू न देण्याने आतली नकोशी भावना कमी होत नाही, शरीरावरचा ताण उलट वाढतो आणि समोर चाललेले बोलणेही नीट लक्षात राहत नाही. त्याऐवजी प्रसंगाचा अर्थ नव्याने लावून पाहण्याची सवय नोंदवहीतून लावली जाते. काय घडले, शरीरात कोठे जाणवले, मी त्याचा काय अर्थ लावला आणि दुसरा कोणता अर्थ संभवतो, एवढेच लिहायचे असते. वरिष्ठांच्या “उद्या बोलू” या त्रोटक निरोपाने पोटात गोळा येतो, तेव्हा हा चौथा प्रश्न फार उपयोगी पडतो.

आता चाचणीविषयी. आरंभी आणि शेवटी एक प्रश्नावली भरून घेतात आणि दोन गुणांकांतील फरक प्रगती म्हणून प्रमाणपत्रावर छापतात. ‘इतरांच्या भावना मला सहज कळतात’ यासारख्या विधानांशी आपण किती सहमत आहोत, एवढेच त्यात विचारलेले असते. ज्याला इतरांच्या भावना कळत नाहीत, त्याला त्या कळत नाहीत हे तरी कसे कळावे? मेयर, सॅलोव्हे आणि डेव्हिड करुसो यांची 141 प्रश्नांची चाचणी चेहऱ्यांची छायाचित्रे व प्रसंग देऊन प्रत्यक्ष क्षमता तपासते, आणि अशा चाचणीतील गुण व स्वतःविषयीचे मत यांचा मेळ फारच थोडा बसतो, असे संशोधनात दिसले आहे. तिच्याही गुणांकन पद्धतीवर आक्षेप आहेत, परंतु तेथे निदान उत्तर तपासले जाते.

त्याहून खटकले ते ‘यशात 80 टक्के वाटा भावनिक बुद्धिमत्तेचा’ हे पडद्यावर झळकलेले वाक्य. ही संकल्पना लोकप्रिय करणारे लेखक डॅनियल गोलमन यांनी 1995 मधील आपल्या पुस्तकात, आयुष्यातील यशाला कारण होणाऱ्या घटकांत बुद्ध्यंकाचा वाटा फार तर 20 टक्के असतो, असे लिहिले होते. उरलेल्या भागात सामाजिक स्तरापासून नशिबापर्यंत अनेक गोष्टी येतात. तो सगळा भाग एकाच क्षमतेच्या खात्यावर टाकणे हा विपर्यास आहे. वस्तुस्थिती अधिक मर्यादित आणि माझ्या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे: डाना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन यांच्या 2010 मधील विश्लेषणानुसार, ज्या कामात स्वतःच्या भावना सतत सांभाळाव्या लागतात तेथे या क्षमतेचा कामगिरीशी संबंध अधिक ठळक दिसतो.

म्हणून परिचारिका, शिक्षक, ग्राहकसेवेतील कर्मचारी आणि नव्यानेच इतरांचे काम पाहू लागलेले अधिकारी यांना मी हा अभ्यासक्रम निःशंकपणे सुचवेन. नाव नोंदवण्यापूर्वी लहान गटातील सराव प्रत्येक सत्रात असतो का आणि गट किती जणांचा असतो, हे मात्र विचारून घ्यावे. बढती किंवा निवडीसाठी या प्रमाणपत्रावरचा गुणांक ग्राह्य धरण्याचा विचार एखादी संस्था करत असेल, तर तिने तो सोडून द्यावा.