कोकण किनाऱ्याने सायकलवर: सुती, पॉलिएस्टर की मरिनो?

कपडे घेताना बहुतेक जण बघतात ते सायकल चालवताना कसं वाटेल. मी आधी बघतो ते हे, की संध्याकाळी सातला धुतलेला कपडा सकाळी सहाला अंगात घालता येईल का. डिसेंबरात अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं असेल, तर निवड इथेच होते.

सुती टी-शर्ट अंगाला सगळ्यात मऊ. पण सूत पाणी सोडत नाही. चढावर घामाने जड होतो, आगरदांड्याच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघताना वाऱ्याने गार होऊन पाठीला चिकटतो, आणि रात्री धुतला तर दमट हवेत सकाळीही काखेत, शिवणीत ओलाच. सुती एकच न्या, मुक्कामावर घालायला.

पॉलिएस्टरच्या जर्सीचं उलट. दमट हवेतली ओल कापूस वजनाच्या साधारण ८ टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. जर्सी पंख्याखाली तीन-चार तासांत वाळते. खोट वासाची: अंगाचं तेल या धाग्याला धरून बसतं, त्यामुळे न धुता दुसऱ्या दिवशी घालवत नाही.

मरिनो लोकर दोन-तीन दिवस वास धरत नाही आणि ओली असतानाही ऊब देते. मनाली-लेह करणार असाल तर तीच घ्या. त्या वाटेवरची तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे, तिथल्या पाण्यात हात घालवत नाही. पण ती महाग, घासून धुतली की विरते, आणि पॉलिएस्टरपेक्षा उशिरा वाळते. कोकणात पॉलिएस्टरच्या दोन जर्सी बास. वाचलेले पैसे पॅडवाल्या शॉर्टमध्ये घाला.

कारण खरा त्रास तिथेच होतो. या शॉर्टच्या आत चड्डी घालायची नाही, तिच्या शिवणी जांघेत काचतात. म्हणजे शॉर्ट रोज धुवायलाच हवी, नाहीतर चौथ्या दिवशी सीटवर बसवणार नाही. ती उलटी करा, चमचाभर लिक्विड साबण घ्या, पॅड बोटांनी दाबत धुवा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा; राहिलेला साबण घामात उतरून कातडी सोलतो. कपडे मऊ करणारं कंडिशनर नको, त्याच्या थराने पॅड घाम ओढेनासं होतं. पिळूही नका, फोम मोडतो. फरशीवर पंचा पसरा, त्यावर शॉर्ट ठेवून घट्ट गुंडाळी करा आणि त्या गुंडाळीवर उभे राहा. पंचा चिंब होतो, शॉर्ट नुसती दमट उरते. जाड टॉवेलनेही हे होतं, पण मग टॉवेलच वाळत नाही.

रात्री शॉर्ट अंगणातल्या दोरीवर ठेवू नका, पहाटेच्या दवाने पुन्हा भिजते. खोलीत पंख्याखाली, पॅड बाहेरच्या बाजूला.

दोन शॉर्ट पुरतात असं मी मानायचो. केळशीला रात्रभर वीज नव्हती, पंखा बंद, आणि त्या दिवशी दोन्ही धुतलेल्या. ओल्या पॅडवर दापोलीकडचे चढ चढलो, त्याचे फोड पुढे तीन दिवस पुरले. तेव्हापासून तिसरी नेतो. धुतलेली अर्धवट ओली असली, तर कॅरिअरवर बॅगेच्या पट्ट्याखाली उलटी अडकवायची. दहा-अकरापर्यंत खडखडीत वाळते.